मुळशीचं पाणी, बाणकोटची खाडी आणि एकच कयाक

पुण्यात कोथरूडला राहणारं तिघांचं कुटुंब. नवरा ८४ किलो, उंची ५ फूट १० इंच. बायको ५८ किलो, ५ फूट ३ इंच. मुलगी नऊ वर्षांची, २७ किलो. तिघांनाही पोहता येतं. मात्र बायकोचं पोहणं तरणतलावातलं, पाय टेकण्याची खात्री असेल तिथलं. घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी चार मीटरच्या आतली हॅचबॅक. बेत असा: ऑक्टोबर ते मे या काळात दर महिन्यातले दोन रविवार मुळशी किंवा पानशेतच्या पाण्यावर, आणि वर्षातून चार-पाच वेळा ताम्हिणी उतरून माणगावमार्गे श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडे. तिथे बाणकोटच्या खाडीत, किंवा वारा पडलेला असेल तर किनाऱ्यालगत समुद्रात सकाळची फेरी. जॅकेटं, वल्ही, कॅरिअर धरून खर्चाची मर्यादा एक लाख रुपये.

त्यासाठी त्यांना कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद बोट, घ्यायची होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, दहा फुटी घ्यावी की बारा फुटी?

लांबीचा प्रश्न येतो, पण तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. त्याआधी विचारायचं ते हे: किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर कयाक उलटली, तर खोल पाण्यात बिचकणारी ५८ किलोची व्यक्ती पुन्हा वर कशी येणार, आणि किती वेळात? कयाक उलटणं हा अपघात मानायचं कारण नाही. ती कधीतरी उलटणारच. उलटल्यानंतरची पाच मिनिटं ज्या कयाकमध्ये सोपी जातात ती निवडायची, आणि मग त्या चौकटीत लांबी, वेग, वजन, किंमत यांचा हिशेब करायचा. या कुटुंबाची निवड याच क्रमाने झाली.

बंद की उघडी

दुकानात सगळ्यात आधी समोर आली ती दहा फुटी सिट-इन: ७६ सेंमी रुंद, मोठ्या तोंडाची, २० किलोची आणि सगळ्यात स्वस्त. हिच्यात माणूस आत बसतो, पाय डेकखाली जातात. मार्चनंतरच्या उन्हात ही सावली मोलाची, मांड्या भाजत नाहीत. बैठक पाण्याच्या पातळीजवळ असल्याने स्थिर वाटते, वारा कमी लागतो, आणि दुकानाच्या फरशीवर बसून बघितलं की मन लगेच तिच्यावर जातं.

अडचण आतल्या पोकळीत आहे. या वर्गातल्या स्वस्त कयाकना बहुधा मागे एकच आडवी भिंत असते, काहींना तीही नसते, पुढच्या टोकात नुसता फोमचा ठोकळा. उलटली की पुढची सगळी पोकळी पाण्याने भरते. दीडशे लिटर पाणी आत गेलं म्हणजे दीडशे किलो वजन वाढलं, आणि तेही हलतं वजन. कयाक किंचित कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला पुन्हा उलटवतं. हातपंपाने मिनिटाला २५-३० लिटर पाणी निघतं, तेही दोन्ही हात मोकळे असतील आणि बाहेरून नवीन लाट आत येत नसेल तर. मुळशीच्या शांत पाण्यात दुसऱ्या कयाकची मदत असेल तर निभावेल. खाडीच्या तोंडाशी, फूटभर लाटांत, एकटी कयाक असेल तर तिला ओढत किनाऱ्याला नेणं एवढंच उरतं.

दोन्ही बाजूंना भिंती असलेली, साडेचौदा फुटी टुरिंग सिट-इन या त्रुटीतून सुटते. पुढे-मागे हवाबंद कप्पे असल्याने फक्त बसायची जागा भरते. पण ती ६० सेंमी रुंद, नवशिक्याला डगमगणारी. स्प्रे-स्कर्ट (कमरेभोवती घालून बसायची जागा झाकणारं कापड) ओढून बाहेर पडण्याचा आणि वल्ह्याला फ्लोट बांधून परत चढण्याचा सराव मागणारी. शिवाय एकाच माणसाची. पोहण्याची धास्ती असलेल्या माणसाला पहिल्याच वर्षी अशा बोटीत बसवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

राहिली सिट-ऑन-टॉप. हिच्यात आत जायला जागाच नाही. वरचं आणि खालचं कवच मिळून एकच बंद पोकळी, आणि बैठकीच्या खळग्यातून तळापर्यंत आरपार गेलेल्या नळ्या, ज्यांना स्कपर म्हणतात. वर आलेलं पाणी स्कपरमधून आपोआप खाली जातं. उलटली तर ती सुलटी करायची आणि वर चढायचं; उपसायला काही नसतं. किंमत अशी मोजावी लागते की बूड कायम ओलं राहतं, बैठक उंच असल्याने तेवढ्याच स्थिरतेसाठी रुंदी जास्त लागते, आणि रुंदीमुळे वेग कमी होतो.

इथे एक इशारा. इंटरनेटवरचा बराचसा सल्ला इंग्लंड, कॅनडा, स्कँडिनेव्हियातल्या माणसांनी लिहिलेला आहे. तिथे समुद्राचं पाणी इतकं थंड असतं की ओलं राहणं हाच जिवाला धोका, म्हणून ते सिट-इनकडे झुकतात, आणि त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. टोरांटो किंवा लंडनला राहणाऱ्या मराठी माणसाने तिथलाच सल्ला मानावा. कोकणच्या पाण्यात ओलं राहिल्याने माणूस गारठत नाही. इथला धोका ऊन, ओहोटी आणि वारा. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी मुळशीचं पाणी गार लागतं, पण एका पातळ विंडचीटरने काम भागतं. म्हणून या कुटुंबासाठी सिट-ऑन-टॉप ठरली.

दोन एकट्या की एक जोडीची

मनातून त्यांना दोन स्वतंत्र बारा फुटी हव्या होत्या. दोघांना आपापला वेग, आणि दोन बोटी असल्या की एक दुसरीच्या मदतीला येते. तत्त्वतः हेच उत्तम. गणित फिसकटलं ते गाडीच्या छतावर.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावरचा जास्तीत जास्त भार ५० किलो दिला आहे. यात आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात. दोन कयाक प्रत्येकी २४ किलो, म्हणजे ४८. दांड्या ५ किलो. ७६ सेंमीच्या दोन कयाक सपाट ठेवायच्या तर दीड मीटर रुंदी लागते, तेवढी दांडी नाही. म्हणून त्या कुशीवर उभ्या ठेवायला इंग्रजी J अक्षराच्या आकाराचे पाळणे, दोन जोड्या, ६ किलो. बेरीज ५९. घाटातल्या वळणांवर छताचे धारक सुटले तर काय होईल हे सांगायला नको. ताम्हिणीत पश्चिमेकडून येणारा वारा उभ्या ठेवलेल्या कयाकला शिडासारखा ढकलतो, तो भार तर या ५९ मध्ये धरलेलाच नाही.

हवा भरायच्या कयाकचा विचार याच टप्प्यावर झाला. गाडीच्या डिकीत मावते, लिफ्टमधून वर नेता येते. साध्या पीव्हीसी नळ्यांची २-३ पीएसआय दाबाची कयाक पाण्यावर मध्ये वाकते. ड्रॉप-स्टिच तळाची (दोन थर आतून दोऱ्यांनी जोडलेली), ८-१० पीएसआय घेणारी बरीच ताठ असते. फक्त तलावांवर जाणाऱ्या, पार्किंग नसलेल्या मुंबईकराला आम्ही बिनदिक्कत हीच सुचवू. पण बाणकोटपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची कड पात्यासारखी असते. एका चुकीच्या लँडिंगला कातडं फाटतं. हलकी आणि पाण्यावर उंच तरंगणारी असल्याने वाराही तिला वाटेल तिकडे नेतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सकाळी गार हवेत पूर्ण दाब भरून दुपारी उन्हात वाळूवर ठेवली तर आतली हवा फुगून शिवण उसवते. काठावर थांबताना थोडी हवा सोडायलाच हवी.

उरली १४ फुटी, म्हणजे सव्वाचार मीटरची जोडीची सिट-ऑन-टॉप: ८४ सेंमी रुंद, ३३ किलो, लेबलवर भारक्षमता २३० किलो, आणि मधे तिसरी बैठक. ३३ अधिक दांड्या ५ अधिक फोमच्या गाद्या १, एकूण ३९ किलो. छताचा प्रश्न सुटला.

मधली बैठक ही या निवडीतली निर्णायक गोष्ट आहे. जोडीच्या कयाकमध्ये एकटा माणूस मागच्या बैठकीवर बसला की पुढचं टोक हवेत उचललं जातं, वारा त्याला पकडतो आणि कयाक गोल फिरते. एकट्याने चालवायची वेळ कधीतरी येणारच, आणि तेव्हा मध्ये बसायची सोय हवी. मधे खळगा आहे पण पाय टेकायला आधार नाही, असंही काही मॉडेलमध्ये असतं. टाचांना आधार नसेल तर वल्ह्यात जोर येत नाही. घेण्याआधी तिन्ही जागी बसून बघावं.

२३० किलोचा अर्थ

लेबलवरचा आकडा म्हणजे निर्मात्याने सांगितलेला जास्तीत जास्त भार. नीट चालवायची तर त्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहावं, हा अनुभवी लोकांचा ठोकताळा. २३० चे ७० टक्के १६१.

दोघं मोठे १४२ किलो. आठ लिटर पाणी, डबा, दोर, ड्राय बॅग (पाणबंद पिशवी), अंगावरचे ओले कपडे मिळून १२. एकूण १५४. बसतं. मुलगी आली की १८१. बसत नाही.

फरक फार वाटत नाही, म्हणून तो उलगडून सांगणं गरजेचं आहे. या आकाराच्या तळाचं पाण्यावरचं क्षेत्रफळ साधारण अडीच चौरस मीटर. म्हणजे दर २५ किलोला कयाक फक्त एक सेंटीमीटर खाली जाते. मुलीमुळे बोट बुडत नाही. पण बैठकीचे खळगे पाण्यापासून जेमतेम काही सेंटीमीटर वर असतात. १८१ किलोला मागची बैठक पाण्याच्या पातळीला येते आणि स्कपर उलटे वागू लागतात: निचरा थांबतो, खालून पाणी वर येतं. बुचं लावावीत तर लाटेने आलेलं पाणी खळग्यातच साचतं. आपोआप निचरा होणं हा सिट-ऑन-टॉपचा मुख्य गुण, आणि तोच जास्तीच्या भाराने जातो.

म्हणून वापराचे नियमच निवडीचा भाग झाले. तिघं एकत्र फक्त तलावावर, सकाळी दहाच्या आत, काठापासून शंभर मीटरच्या पट्ट्यात. समुद्रात फक्त दोघं मोठे. मुलीला खाडीत न्यायचं तर एकाच मोठ्या माणसाबरोबर, दुसऱ्याने काठावर थांबायचं. हे ऐकताना त्यांचा थोडा हिरमोड झाला, ते साहजिक आहे. पण तिघांसाठी म्हणून आणखी मोठी बोट घेतली असती तर ती ४० किलोच्या पुढे जाते, आणि दोघांनी उचलून पार्किंगपासून छतावर चढवणंच जमलं नसतं. अशा बोटी पहिल्या उत्साहानंतर भिंतीला टेकून धूळ खातात.

वेगाबद्दल थोडक्यात. बोटीची लाटेमुळे पडणारी वेगमर्यादा पाण्यातल्या लांबीच्या, फुटांतल्या, वर्गमुळाला १.३४ ने गुणून नॉटमध्ये मिळते. पाण्यात १३ फूट असलेल्या या कयाकला ती पावणेपाच नॉटच्या आसपास, ताशी जवळजवळ ९ किमी. नऊ-सव्वानऊ फूट पाण्यात असलेल्या दहा फुटीला सुमारे साडेसात किमी. दोन सामान्य वल्हवणारे दिवसभर टिकवतात तो वेग ताशी ५ किमी, त्यामुळे दोन्ही मर्यादा लांबच राहतात. लांबीचा खरा उपयोग सरळ रेषेत जाण्यासाठी: छोटी, रुंद कयाक दर वल्ह्याला नाक डावीकडे-उजवीकडे वळवते आणि अर्धी ताकद ती सरळ करण्यात जाते.

घेताना काय तपासलं

कवच रोटोमोल्ड केलेल्या, म्हणजे फिरत्या साच्यात वितळवून घडवलेल्या, पॉलिथिलिनचं. त्यात लिनिअर आणि क्रॉसलिंक्ड असे दोन प्रकार. लिनिअर चिरलं तर त्याच प्लॅस्टिकच्या काडीने गरम करून सांधता येतं, क्रॉसलिंक्ड वितळत नाही. विक्रेत्याला हे विचारावं, आणि उत्तर येत नसेल तर त्यावरूनही काही कळतं.

झाकण उघडून आत टॉर्च टाकला आणि बाहेरून पाहिलं. भिंत पातळ असेल तिथे उजेड जास्त झिरपतो. तळाच्या मधोमध आणि स्कपरच्या नळ्यांभोवती असा पट्टा दिसला तर ती बोट नको. मग आत बादलीने वीस लिटर पाणी ओतून ती दोन्ही कुशींवर आणि दोन्ही टोकांवर उभी केली. गळती स्कपरच्या कडेला, निचऱ्याच्या बुचाशी आणि कडी-पट्ट्यांच्या रिबिटांपाशी दिसते. पाहिलेल्या दोनपैकी एका बोटीत मागच्या हँडलच्या रिबिटातून थेंब येत होते. तसं किरकोळ, सिलिकॉनने बुजेल. पण नव्या बोटीत हे का स्वीकारायचं?

रंग पिवळा. तलावावर हिरवा-निळा फोटोत छान दिसतो, खाडीत मात्र मच्छीमार होडीवरच्या माणसाला तो शंभर मीटरवरही दिसत नाही.

वल्ही दोन: त्याला २४० सेंमी, तिला २३०. दुकानदार २१० किंवा २२० ची दाखवत होता. अरुंद बोटीला ती बरोबर आहेत, ८४ सेंमी रुंद बोटीवर मात्र दर वेळी बोटांची पेरं कडेला घासतात आणि पाणी गाठायला खांदा वाकवावा लागतो. पात्यासाठी बोटीइतके पैसे देऊ नयेत, पण वल्ह्याचं वजन किलोच्या आत असावं. तीन तासांत काही हजार वेळा ते उचललं जातं.

जॅकेटं तिन्ही फोमची, ५० न्यूटन उत्प्लावकतेच्या वर्गातली, आयएसओ १२४०२-५ छापलेली. मुलीचं तिच्या वजनाच्या मापाचं आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं. पट्टा नसेल तर पाण्यात पडल्यावर जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि मूल त्याच्या आत लोंबकळतं. पर्यटकांना देतात ती जुनी नारिंगी जॅकेटं फोम दबून निकामी झालेली असतात, त्यावर कधीच विसंबू नये. प्रत्येक जॅकेटला शिटी.

एक लाखातले साठ हजार कयाकला गेले. बाकीच्यात वल्ही, जॅकेटं, दांड्या, पट्टे, दोन ड्राय बॅगा आणि पंधरा मीटर तरंगता दोर. जॅकेट-वल्ह्यांसाठी काही न उरवता सगळे पैसे बोटीत घालणं ही या खरेदीतली सगळ्यात नेहमीची चूक.

पहिली चाचणी: मुद्दाम उलटवणे

मुळशीचं धरण टाटा पॉवरचं, पानशेतचं जलसंपदा विभागाचं. दोन्हीकडे पाण्यात उतरण्याआधी परवानगी विचारायची, आणि बंदी असलेल्या भागाच्या पाट्या पाळायच्या. काही धरणांवर खासगी नौकांना मनाईच असते. खाडीसाठी तिथल्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करावी.

सकाळी सात, वारा नाही, पाणी छातीच्या वर, काठ वीस मीटरवर. दोघांनी जॅकेटं घालून कयाक मुद्दाम उलटवली.

पहिलीच अडचण सुलटी करण्याची. उलटी पडलेली रुंद बोट पाण्याला चिकटून बसते. तळावरून हात टाकून पलीकडची कड गाठायला ५८ किलोच्या व्यक्तीची उंची पुरत नाही. उपाय साधा: दोन मीटरचा पट्टा एका बाजूच्या हँडलला कायम बांधून ठेवायचा. उलटली की तो तळावरून आपल्याकडे टाकायचा, गुडघे कडेला टेकवायचे आणि मागे रेलायचं. बोट स्वतःच्या वजनाने फिरते.

चढताना क्रम पोट, बूड, पाय. पाण्यात उभं राहून वर ओढून घ्यायला गेलं की बोट अंगावर येते. त्याऐवजी आधी आडवं तरंगायचं, पाय जोरात मारून शरीर पाण्याच्या पातळीला आणायचं आणि सुसरीसारखं पोट बैठकीवर सरकवायचं. मग वळून बूड खळग्यात, शेवटी पाय. दुसरा माणूस पलीकडच्या कडेला लोंबकळून तोल धरतो. नवरा पहिल्याच प्रयत्नात चढला. बायकोला चार प्रयत्नांत जमलं नाही. हात थकले की पाचवा प्रयत्न पहिल्यापेक्षा वाईट होतो. मग पट्ट्याची रिकीब केली, म्हणजे पाय अडकवायची कडी, बैठकीच्या पलीकडच्या हँडलला बांधून अलीकडे गुडघ्याच्या उंचीवर सोडलेली. ती फार लांब ठेवली तर पाय बोटीखाली निघून जातो आणि माणूस उताणा पडतो. दोनदा तसं झालं, मग वीत-दीड वीत आखूड केल्यावर जमलं. वर आल्यावर पाय कडीतून सोडवायला विसरायचं नाही.

शेवटी उलटल्यापासून दोघं बसेपर्यंत दोन मिनिटं लागली. हा आकडा मिळेपर्यंत समुद्राचं नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला, ऑक्टोबरात, ही चाचणी पुन्हा करायची.

बसण्याची जागाही याच दिवशी ठरली. हलका माणूस पुढे, जड मागे. कारण असं की कयाक पुढे जाताना नाक पाण्यात दाबलेलं असतं आणि मागचं टोक सुटं, त्यामुळे बाजूचा वारा मागच्या टोकाला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. मागे थोडं वजन जास्त असलं की मागचं टोकही पाण्यात रुजतं आणि हे वळणं कमी होतं. पाण्याच्या बाटल्याही म्हणून मागच्या जाळीत. पुढच्याने ठेका धरायचा, मागच्याने त्याच बाजूला वल्हं मारायचं; दिशा मागच्याची जबाबदारी.

खाडीचा दिवस कसा निवडला

सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. एका काठाला बागमांडला, दुसऱ्याला वेसवी, मधे गाड्यांची फेरीबोट. खाडी रुंद आहे, डोंगरांच्या आडोशाने वारा अडतो, आणि नवशिक्या जोडीसाठी किनाऱ्यापेक्षा बरी आहे. आत फार वर मात्र जायचं नाही. महाडकडच्या सावित्रीत मगरींची वस्ती आहे.

कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो: तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच नियम. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून बेत तिथीवर करायचा आणि पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्यायची.

आता वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. तो अंगाला सुखद वाटतो आणि म्हणूनच फसवा: समुद्रात उतरलेल्याला न कळत बाहेर नेतो. अकरा-बाराच्या सुमारास तो पडतो आणि पश्चिम-वायव्येचा खारा वारा सुरू होतो, दुपारी वाढत जातो. बागमांडल्याहून आत जाऊन परत यायचं तर परतीची वाट तोंडाकडे, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध. त्यात ओहोटी जोरात असेल तर पाणी बाहेर आणि वारा आत, अशा टकरीने आखूड, उभ्या लाटा उठतात.

मग हवं काय? जाताना भरती, परत येताना सुरुवातीची ओहोटी, आणि खारा वारा सुरू होण्याआधी काठावर. म्हणजे भरती नऊच्या आसपास. पाऊणपटीने उलटं गेलं की तिथी मिळते: द्वादशीला नऊ, एकादशीला सव्वाआठ. महिन्यात दोन वेळा हे दिवस येतात, आणि उधाण अजून तीन-चार दिवस दूर असल्याने ओढही माफक. सात वाजता निघायचं, भरतीबरोबर दोन तास आत, नऊला वळायचं, पावणेअकराला काठावर. रविवार आणि द्वादशी जुळायची वाट बघावी लागते. जुळली नाही तर मुळशीला जायचं. अष्टमीचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, असला तरी त्या सकाळी साडेसहाला निघणाऱ्याला ओहोटी आणि मतलई दोन्ही समुद्राकडे ढकलतात. ताशी ५ किमी वल्हवणाऱ्यासमोर ४ किमीची ओढ आली तर तासाभराच्या कष्टात एक किलोमीटर पदरात पडतो.

खाडीत सांभाळायच्या जागा तीन. डोल जाळ्यांचे खुंट: ओहोटीत पाणी त्यांच्यातून जोरात जातं आणि कयाक आडवी होऊन खुंटांवर दाबली जाते, म्हणून त्यांच्या वरच्या बाजूने कधीच जवळ जायचं नाही. फेरीबोट: नेहमी तिच्या मागून ओलांडायचं, आणि तिची लाट आली की नाक लाटेकडे करायचं. तिसरी म्हणजे ओहोटीचा काठ. सकाळी जिथे वाळू होती तिथे अकराला गुडघाभर रेंदा, म्हणजे चिखल, असू शकतो, त्यात ३३ किलोची बोट दोघांनी ओढणं म्हणजे तासाचं काम. परतीची जागा आदल्या दिवशी ओहोटीला बघून ठेवावी. पायात पट्ट्याचे बूट हवेत, चपला रेंद्यातच राहतात आणि कालवं तळवे चिरतात.

श्रीवर्धनच्या पुळणीवरून थेट समुद्रात उतरणं पहिल्या वर्षात दोनदाच, आणि फुटणारी लाट गुडघ्याच्या खाली असेल तरच. काठाला लागताना आपण बोट आणि किनारा यांच्या मधे उभं राहायचं नाही. आडवी झालेली कयाक लाटेबरोबर नडगीवर येते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा पाहायचा. फोन पारदर्शक पाणबंद पिशवीत अंगावर, बोटीवर नाही. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ त्यात आधीच साठवलेला. किनाऱ्यावर कुणाला तरी परतीची वेळ सांगून जायचं. जून ते सप्टेंबर समुद्र आणि खाडी दोन्ही बंद.

वापरात काय बिघडतं

छतावर बोट उलटी, तळ वर करून, कॅम-बकलच्या (दाबकडीच्या) पट्ट्यांनी हाताने ओढून बांधायची. रॅचेटने, म्हणजे दात्यांच्या आवळणीने, करकचून बांधली की उन्हात तापलेलं प्लॅस्टिक दांडीवर खोलगट होतं. असा पोचा पडलाच तर तळ वर करून दुपारभर उन्हात ठेवावा आणि आतून हलका दाब द्यावा, बहुतेक वेळा तो भरून येतो. पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोरांनी बंपरखालच्या कड्यांना. घाटात हेच दोर बोट जागेवर ठेवतात. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो फडफडत नाही. चढवताना मागच्या काचेवर जुनं रबरी पायपुसणं, त्यावर नाक टेकवायचं, मग मागून ढकलायचं. असं केलं तर एका वेळी निम्मंच वजन उचलावं लागतं.

स्कपरमध्ये खुंट्या घालून चालणारी चाकांची गाडी घेऊ नका. भरलेली बोट दगडांवरून ओढताना सगळं वजन दोन नळ्यांवर येतं आणि त्यांच्या मुळाशी चीर जाते. त्यातून मिनिटाला जेमतेम पेलाभर पाणी आत येतं, पण तीन तासांत वीस-तीस लिटर होतं, बंद पोकळीत ते दिसत नाही, आणि बोट कारण नसताना डगमगू लागते. डगमग जाणवली तर आधी काठाला लागून बूच काढून बघायचं. निघण्याआधी बूच लावलंय का, हे दोघांनी वेगवेगळं बघायचं.

खाडीनंतर गोड्या पाण्याने धुणं, विशेषतः झाकणांच्या कडा आणि पाय टेकायच्या सरकपट्ट्या. त्यात मीठ साठलं की त्या अडकतात. पार्किंगमध्ये ती कुशीवर, भिंतीतल्या दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत टांगली आहे, छपराखाली. टोकांवर उभी ठेवली तर वर्षभरात केळ्यासारखी वाकते, आणि उघड्या उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होतं.

मुलगी दोन-तीन वर्षांत चाळीस किलोची होईल. तेव्हा तिघांची बेरीज १९४ वर जाईल आणि तलावावरचा आजचा नियमही पुरणार नाही. त्या वेळी तिच्यासाठी १८ किलोच्या आतली, दहा फुटी, एकटीची सिट-ऑन-टॉप घ्यायची. ३९ आणि १८, ५७ किलो; म्हणजे तोपर्यंत गाडी बदललेली असली पाहिजे, किंवा दुसरी बोट मुळशीजवळ कुणाच्या तरी अंगणात ठेवायची सोय. ही दुसरी वाट ते आत्तापासूनच शोधत आहेत.